डॉल्फिन : हौदातला आणि दर्यातला

श्रोतेहो, कुर्डुवाडीच्या माणसाला शिट्टीची ओळख करून द्यायला नको. 1897 साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली आणि गाव शिट्टीच्या आवाजातच वाढलं. आज मी ज्या शिट्टीबद्दल बोलणार आहे ती मात्र दर्यातली, पाण्याखालची आहे.

डॉल्फिन दिसतो माशासारखा, पण तो मासा नव्हे. आपल्या गाईम्हशींसारखाच तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो आणि कळप करून राहतो. त्याच्या बाटलीनाक्या जातीचं पिलू लहानपणीच स्वतःची अशी एक वेगळी शीळ बनवतं. ती शीळ म्हणजे जणू त्याचं नावच. अमेरिकेतल्या कॉल्डवेल पति-पत्नींनी 1965 साली ही गोष्ट पहिल्यांदा मांडली. 2013 साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी मोकळ्या डॉल्फिनांना त्यांच्याच शिळेची नक्कल ऐकवली. ज्याची शीळ, त्याने उलट ओ दिली!

आता गंमत अशी, की डॉल्फिनच्या बुद्धीबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं हौदात कोंडलेल्या डॉल्फिनांकडून कळलं. 2001 साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात डायना राइस आणि लोरी मरिनो या दोघी विदुषींनी दोन डॉल्फिनांच्या अंगावर खुणा केल्या आणि समोर आरसा ठेवला. डॉल्फिन आरशाशी येऊन, अंग वळवून नेमकी ती खूण पाहू लागले. आरशात दिसतो तो मीच, एवढं त्यांना उमगलं होतं. पुढे मरिनोबाईंनी बंदिस्त डॉल्फिनांवर प्रयोग करणंच सोडून दिलं. मला तर त्या प्रयोगापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

आणखी एक पाहा. हौदातले डॉल्फिन पैदाशीसाठी या गावाहून त्या गावाला हलवतात. 2013 साली असं दिसून आलं, की एकदा सोबत राहिलेल्या जोडीदाराची शीळ त्यांना वीस वर्षांनंतरही ओळखू येते. म्हणजे ताटातूट आपण करतो आणि आठवण ते ठेवतात.

आपल्या देशात या प्राण्याची दखल फार पूर्वी घेतली गेली होती. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी काही प्राणी अवध्य ठरवले. त्याच्या पाचव्या स्तंभलेखातल्या यादीत ‘गंगापुपुटक’ असं एक नाव येतं. बरेच विद्वान ते गंगेतल्या डॉल्फिनचं नाव मानतात. संस्कृतात त्याला शिशुमार म्हणत. गुरुजनहो, वर्गात सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याच शब्दावरून गंगेकाठी ‘सूस’ झाला, तो डॉल्फिन. आणि आपल्याकडे ‘सुसर’ झाली, ती मगरीच्या जातीची! आपल्या नद्यांत डॉल्फिन नाही, तेव्हा शब्द दुसऱ्याच जनावराला चिकटला.

1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका उद्यानात खेळ करायला परदेशातून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते मेले. तरी पुढे मुंबई, दिल्ली, कोची इथे असेच खेळ उभारायच्या योजना निघाल्याच. अखेर 2013 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना परिपत्रक धाडून असल्या हौदांना परवानगी देऊ नये असं कळवलं. डॉल्फिनला ‘मानवेतर व्यक्ती’ मानावं, हे काही शास्त्रज्ञांचं म्हणणं त्यात नमूद केलं आहे. शब्द जरा जड आहे खरा, पण सरकारी कागदावर तो आला हे विशेष.

आता कोकणाकडे वळू. तिथे किनाऱ्यालगत पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे डॉल्फिन फिरतात. ते जाळ्यातले मासे ओढून खातात आणि जाळं फाटतं. 1972 च्या कायद्याने डॉल्फिनला पूर्ण संरक्षण आहे. फाटलेल्या जाळ्याचा खर्च मात्र मच्छीमाराच्याच माथी बसतो. त्याचं गाऱ्हाणं खोटं नाही. हौद बंद करायला एक परिपत्रक पुरलं, पण दर्यात ज्याची रोजीरोटी आहे त्याच्याशी असा कागदावर हिशेब मिटत नाही. डॉल्फिन दाखवून पर्यटकांकडून चार पैसे मिळतात हे खरं, पण ते नाववाल्याला. जाळंवाल्याला मिळतीलच असं नाही.

शाळेची सहल तारकर्लीला गेली आणि डॉल्फिन पाहायला नाव ठरवली, तर नाववाल्याला सांगा, पाठलाग करू नकोस, लांबच इंजिन बंद कर. पाण्याखालची शीळ काही वर ऐकू येणार नाही. पण सगळं शांत झालं, की श्वास घ्यायला तो वर येतो तेव्हाचा फुस्स आवाज पोरांना चांगला ऐकू येईल.