महिला हॉकी इंडिया लीग : पहिली फायनल साताऱ्याच्या पोरीनं जिंकून दिली, पण जळगाव-धुळ्यातून तिथवर जायचं कसं?

तारीख २६ जानेवारी २०२५. ठिकाण रांची. ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा हॉकी क्लब यांच्यात फायनल सुरू होती आणि स्कोअर १-१ असा अडकला होता. हॉकीची मॅच ६० मिनिटांची असते. ५६ व्या मिनिटाला ओडिशाच्या एका मुलीनं गोल मारला आणि पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा निकाल लागला. गंमत म्हणजे ओडिशाचा पहिला गोलही तिचाच होता, २० व्या मिनिटाचा. नाव ऋतुजा दादासो पिसाळ, जिल्हा सातारा.

महाराष्ट्राचा संघच नसलेल्या लीगची फायनल एका मराठी मुलीनं जिंकून दिली. आपल्याकडं मात्र त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

आता ही लीग नेमकी काय आहे ते बघू.

पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली आणि २०१७ नंतर बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदाच महिलांची वेगळी लीगही आली. घोषणा सहा संघांची होती, मैदानात उतरले चारच : ओडिशा वॉरियर्स, सूरमा, दिल्ली एसजी पाइपर्स आणि श्राची राढ बंगाल टायगर्स. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला आणि पहिले दोन फायनलला गेले. १२ ते २६ जानेवारी, पंधरा दिवसांत खेळ खल्लास. सगळ्या मॅचेस रांचीच्या मरांग गोमके जयपाल सिंग स्टेडियमवर झाल्या. १९२८ च्या ऑलिम्पिक हॉकी संघाचे कॅप्टन जयपाल सिंग मुंडा, त्यांच्या नावाचं हे स्टेडियम. याच मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये आपल्या मुली जपानकडून ०-१ नं हरल्या होत्या आणि पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट हुकलं होतं.

पैशाचं गणित सरळ आहे, पुरुषांच्या निम्मं. लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडं ४ कोटी होते, महिलांच्या संघाकडं २ कोटी. विजेत्या पुरुष संघाला ३ कोटी, महिला संघाला दीड कोटी. सगळ्यात महाग ठरलेली खेळाडू उदिता, तिला बंगालनं ३२ लाखांत घेतलं. पुरुषांत हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. बेस प्राइस मात्र दोघांकडंही सारख्याच, २, ५ आणि १० लाख. म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्यातल्या मुलीलाही एका सीझनचे किमान २ लाख. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात ही रक्कम छोटी नाही.

पण पंधरा दिवसांच्या स्पर्धेला लीग म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. नेदरलँड्समध्ये महिलांची वरची लीग कित्येक महिने चालते, क्लब आपापल्या मैदानावर खेळतात आणि त्याच क्लबात शाळकरी मुलीही शिकतात. आपल्याकडं फ्रँचायझीचं नाव एका राज्याचं आणि मॅच दुसऱ्याच राज्यात. त्यात महिलांच्या लीगचा इतिहासही फार भरवशाचा नाही. २०१६ मध्ये महिला कबड्डी चॅलेंज आली होती. तीन संघ होते, आपली अभिलाषा म्हात्रे त्यातल्या आइस दिवाजची कॅप्टन होती. फायनलमध्ये स्टॉर्म क्वीन्सनं फायर बर्ड्सना २४-२३ असं एका पॉइंटनं हरवलं. लीग म्हणावी तर यापेक्षा चुरस काय हवी? तरी दुसरा सीझन झालाच नाही. हॉकीचं तसं झालं नाही, दुसरा सीझनही रांचीतच खेळवला गेला, ही जमेची बाजू.

मग जळगाव किंवा धुळ्यातल्या मुलीसाठी यात काय आहे?

थेट लीगमध्ये कुणी बोलवत नाही, खालच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी शाळेची. शालेय हॉकीत जवाहरलाल नेहरू चषक असतो. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, त्यामुळं विभागावर गाठ नाशिकशी पडते. चौकशी करायची ती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात किंवा शाळेच्या पीटीच्या सरांकडं.

दुसरी पायरी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची. चाचण्या घेऊन लहान वयातच मुलं निवडली जातात. राहणं, जेवण, शाळा आणि ट्रेनिंग सरकारकडून. इथं खरा फरक पडतो तो टर्फमुळं. मातीवर बॉल उसळतो, म्हणून नजर त्यालाच चिकटून राहते. ओल्या टर्फवर तो सरळ आणि सुसाट जातो, त्यामुळं मान वर करून खेळायला जमतं. मातीवर पाच वर्षं शिकलेल्या मुलीला टर्फवर बरंच काही नव्यानं शिकावं लागतं. म्हणून निवड जितकी लवकर तितकं बरं, अकरावीत जाऊन विचार करण्यात फारसा अर्थ नाही.

तिसरी पायरी राज्याच्या संघाची. सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा हॉकी इंडिया घेते. तिथं चमकलं की ज्युनिअर शिबिर, मग भारताचा संघ. ऋतुजाही लीगच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या फाइव्ह-अ-साइड वर्ल्ड कपमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. लीगच्या पहिल्या सीझनला प्रत्येक संघात २४ खेळाडूंची सोय होती, त्यात किमान १६ भारतीय आणि त्यातल्या ४ ज्युनिअर असायलाच हव्या होत्या. नव्या मुलीसाठी दार आहे ते या चार जागांचं.

आणि घरच्यांचा प्रश्न असतो नोकरीचा. लीगचा करार सीझनपुरता, नोकरी नव्हे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं अधिकृत स्पर्धांमधली कामगिरी मोजतात. त्यामुळं राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेचं प्रत्येक सर्टिफिकेट फाइलला लावून ठेवायचं. दुसरा रस्ता रेल्वेचा. स्पोर्ट्स कोट्यातून भरती होते आणि महिला हॉकीत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं तगडा राहिलाय. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे भुसावळच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.