माळ, मेंढी आणि लोकरीचे सूत

अहिल्यानगर जिल्ह्यातील हातकताईचा इतिहास कापसापेक्षा लोकरीतून अधिक स्पष्ट उलगडतो, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस अपुरा, जमीन हलकी आणि माळ विस्तीर्ण असल्याने मेंढपाळी हा येथील लोकजीवनाचा जुना आधार राहिला आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव अशाच प्रदेशात वसलेले असून तेथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये धनगर घराण्यात अहिल्याबाई होळकर यांचा जन्म झाला आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु ज्या समाजात त्या जन्मल्या, त्याच्या हातांतील कसबाची दखल राजकीय इतिहासाच्या तुलनेत फारच थोडी घेतली गेली आहे.

या कसबाचे मूळ दख्खनी मेंढीत आहे. काटक, बहुधा काळ्या किंवा करड्या रंगाची आणि मैलोन्‌मैल चालू शकणारी ही मेंढी वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते. ही लोकर भरड असते: मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका बारीक असतो, तर दख्खनी लोकरीचा तंतू ३० मायक्रॉनहून जाड असतो आणि त्यात आतून पोकळ असलेले केसही मिसळलेले असतात. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर मात्र मऊ असते. तिला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला नेहमीच अधिक मान व अधिक मोल मिळत आले आहे.

कातरलेली लोकर प्रथम रंगानुसार निवडली जाते, काटेकुसळे वेचून काढली जातात आणि नंतर ती पिंजली जाते, म्हणजे तिचे गुंतलेले तंतू सुटे केले जातात. पिंजलेल्या लोकरीचे हलके गुंडाळे, म्हणजे पेळू, टकळीवर किंवा चरख्यावर कातले जातात आणि हे काम परंपरेने मुख्यतः स्त्रियांकडे राहिले आहे. कताईचा खरा आनंद ज्या जाणतेपणात आहे तो बोटांच्या टोकांशी असतो: पेळूतून किती तंतू सोडायचे, पीळ केव्हा वाढवायचा आणि सूत तुटण्याआधी हात कुठे सैल करायचा, हे डोळ्यांपेक्षा स्पर्शाने आधी कळते. लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांशामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि कातणारीचे हातही मऊ राहतात. उभ्या धाग्यांच्या ताण्यासाठी घट्ट पिळाचे आणि आडव्या धाग्यांच्या बाण्यासाठी सैल पिळाचे, असे दोन प्रकारचे सूत एकाच बसकणीत काढता येणे ही मोठी विद्याच आहे, तिला केवळ फावल्या वेळेचे काम म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पुढचे विणकाम खुटेकर धनगर आणि सनगर या समाजांनी सांभाळले. चिंचोके भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली खळ ताण्याला कुंच्याने लावली जाते, त्यामुळे सूत ताठ व बळकट होते, आणि मग खड्ड्याच्या मागावर, म्हणजे विणकराचे पाय जमिनीतील खड्ड्यात राहतील अशा मागावर, घोंगडी विणली जाते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प ओली न भासता शोषू शकते, म्हणूनच पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्याला घोंगडीची खोळ पुरत असे. तीच घोंगडी रात्री अंथरूण होई आणि खंडोबाच्या जागरणात बैठक होई.

सुयांवरचे विणकाम त्या मानाने उशिराचे. इंग्रजी अमदानीत मुलींच्या शाळांमधून ते मराठी घरांत रुजले आणि सुलट-उलट टाक्यांनी बाळाचे टोपरे, पायमोजे व स्वेटर विणणे घरोघरी परिचयाचे झाले. परंतु त्यासाठी लागणारी मऊ लोकर बाहेरून आली, पुढे तिची जागा अॅक्रिलिकने घेतली आणि माळावरच्या मेंढीचा सुयांशी संबंध जुळलाच नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने हातकताईला राष्ट्रकार्याची प्रतिष्ठा दिली खरी, पण त्या चळवळीचा मुख्य भर सुती खादीवर राहिला.

कताईच्या ऱ्हासाचे एक कारण बाजारात आहे, दुसरे कुरणात. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने घोंगडीची मागणी घटवली आणि मेंढीचे मोल लोकरीऐवजी मांसावर ठरू लागले. कुरणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७२ च्या दुष्काळाने व त्यानंतरच्या वर्षांनी होरपळलेल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात आणि १९९४ पासून आदर्श गाव योजनेच्या आधाराने जी पंचसूत्री स्वीकारली, तिच्यात कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान यांच्याबरोबर चराईबंदीही होती. मोकाट चराई थांबली, डोंगर हिरवे झाले, गवत विळ्याने कापून जनावरांना घालण्याची रीत पडली आणि गाव दुधासाठी नावाजले. हा निर्णय योग्यच होता, कारण उघड्या पडलेल्या डोंगरावर पाणी मुरत नाही आणि पाण्यावाचून मेंढपाळही टिकत नाही. तथापि फिरता कळप मोकळ्या माळावर जगतो, आणि शेतात कळप बसवून लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेण्याचा जुना व्यवहारही त्याच मोकळेपणावर उभा होता. म्हणून माळ राखणाऱ्या गावांनी मेंढपाळासाठी हंगाम, क्षेत्र आणि कळपाची संख्या ठरवून वाट ठेवली, तरच लोकरीचा स्रोत टिकेल.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन होत आले आहे, परंतु आज अनेक मेंढपाळांना कातरणीचा खर्चही लोकरीतून भरून निघत नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. हाताने कातण्याची व विणण्याची हौस असलेल्या मराठी वाचकांनी परदेशी लोकरीचे गुंडे मागवण्याआधी आपल्या तालुक्यातील कळपाकडे जावळाची विचारणा करावी आणि त्या लोकरीला रास्त दाम द्यावा.