ध्वनिमेजामागची पेटी

ता. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर येथें नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. त्या वेळीं नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या सीमेवर वसलेल्या या नगरीला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. त्या आवाजाचा जो इतिहास लोकांच्या तोंडीं आहे, तो गायकांचा, वक्त्यांचा आणि नाटककारांचा. परंतु या सर्वांचा आवाज ज्या ध्वनिमेजांतून, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेंत ‘कन्सोल’मधून, जात असे, त्या मेजाला वीज पुरविणारी एक बोजड लोखंडी पेटी मेजाखालीं किंवा मागच्या खोलींत असते. तिला ‘पॉवर सप्लाय’ असें नांव आहे. ती नीट चालते तोंवर तिची कोणास आठवण होत नाहीं. बिघडली म्हणजे मात्र एकाच वेळीं हजारों घरांत कळतें.

या पेटीची गरज कशी उत्पन्न झाली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईचें केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें ता. २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें, तेव्हां त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, आणि ऐकणाऱ्यांचे पुष्कळसे रेडिओ बॅटरीवर चालत. एक बॅटरी व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठीं, दुसरी उच्च दाबासाठीं; शिवाय आम्लाची जड बॅटरी उचलून चार्जिंगच्या दुकानांत नेण्याचा व्याप. कटकट मोठी, पण बॅटरीच्या विजेचा एक गुण असा कीं ती एकाच दिशेनें, संथ वाहते. भिंतींतून येणारी वीज तशी नाहीं. ती सेकंदास ५० वेळां पुढें-मागें झोके घेते. हे झोके व्हॉल्व्हपर्यंत पोंचले तर भाषणाऐवजीं घरघरच ऐकूं येईल.

टोरोंटो येथील एडवर्ड रॉजर्स यानें १९२५ सालीं घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारांत आणला, आणि बॅटरीचें राज्य हळूहळू ओसरूं लागलें. त्याच्या मागची युक्ति आपल्याकडील शेतकऱ्याला सहज कळेल. मोटेचें पाणी एकदम धो धो येतें व पुन्हा थांबतें. तें प्रथम थारोळ्यांत पडतें आणि तेथून पाटानें सारख्या धारेनें वाहतें. पॉवर सप्लायमध्येंही असेंच आहे. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब हवा तेवढा करतो. रेक्टिफायर तिला एकाच दिशेनें जाऊं देतो (त्याचें मूळ फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १९०४ च्या व्हॉल्व्हमध्यें आहे). आणि कंडेन्सर हें थारोळें. थारोळें गाळानें भरलें कीं पाटाचें पाणीही मोटेच्या तालावर हिसके देत येणार.

हा कंडेन्सरच या पेटीचा सर्वांत नाजूक अवयव होय. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर भस्माचा अतिसूक्ष्म थर, आणि त्याला लागून एक ओलसर रसायन, अशी त्याची घडण. त्याची मूळ कल्पना चार्ल्स पोलाक यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. पुढें सॅम्युएल रूबेन यानें १९२५ च्या सुमारास त्याला सुटसुटीत रूप दिलें. ट्रान्सफॉर्मर पन्नास वर्षें टिकतो. कंडेन्सरांतील ओल मात्र दिवसेंदिवस आटत जाते. म्हणजे ही पेटी बनते त्याच दिवसापासून तिचा ऱ्हास सुरू होतो.

आतां ही घरघर केवढी मोठी आपत्ति आहे, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जुन्या रिबन मायक्रोफोनमधून निघणारा विजेचा दाब एका मिलिव्होल्टाच्याही खालीं असतो. व्हॉल्व्हला मात्र सुमारें ३०० व्होल्टांचा दाब द्यावा लागतो. म्हणजे आवाजापेक्षां त्याला पोसणारी वीज निदान ३ लाख पट बलवान. तिच्यांतील किंचित् लाट आवाजांत मिसळली तरी पुढची सारी यंत्रें ती आवाजाबरोबर इमानानें वाढवीत नेतात. शिवाय ही घरघर ५० अगर १०० कंपनांची, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या अगदीं शेजारची. परंतु ती गायकाच्या षड्जाशीं जुळत नाहीं. शास्त्रीय संगीताला सरावलेल्या श्रोत्याला ती कशी खुपत असेल, हें सांगावयास नको.

जाणत्या तंत्रज्ञाला या घरघरीवरूनच रोगाचें निदान करतां येतें. पूर्ण रेक्टिफायरमधून विजेचे दोन्ही झोके एकाच दिशेला वळतात, म्हणून तेथील लाट सेकंदास १०० होते. तेव्हां स्वर १०० चा असेल तर बहुधा कंडेन्सर आटला आहे. ५० चा असेल तर दोष तारेंत, जोडणींत किंवा अर्थिंगमध्यें शोधावा. याच ठिकाणीं एक घातक खोड सांगितली पाहिजे. ५० ची घरघर जात नाहीं म्हणून कांहीं लोक अर्थची तार सरळ तोडून टाकतात. घरघर जाते, आणि पुढें केव्हां तरी आंतील तार लोखंडाला लागली कीं त्या पेटीला हात लावणाराचा जीव जातो.

नागपूरचें हवामान या पेटीचें विशेष शत्रु आहे. उष्णतेचा ठोकळ नियम असा कीं तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं कंडेन्सरचें आयुष्य निम्मे होतें. ‘८५ अंश, २००० तास’ असें छापलेला कंडेन्सर पेटींत ५५ अंशांवर राहिला तर सुमारें १६,००० तास टिकावा. ६५ अंशांवर ८,००० तास. दिवसाचे अठरा तास काम धरल्यास पहिल्याला अडीच वर्षें मिळतात, दुसऱ्याला सव्वा. हें गणित स्थूल आहे, पण बाहेर मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढत असतां मागच्या कोंदट खोलींतील पेटीची काय गत होत असेल, हें त्यावरून दिसतें. त्यांत भर वाळ्याच्या कूलरची. उन्हाळी धुळीला त्याचा ओलावा मिळाला कीं ती धूळ विजेला आडवाट करून देते.

व्हॉल्व्हच्या जागीं पुढें सेलेनियमच्या चकत्या आल्या. त्या जळाल्या म्हणजे जी दुर्गंधी सुटते, ती एकदां घेतलेला मनुष्य विसरत नाहीं. तो धूर विषारीही असतो. त्यांच्यामागून सिलिकॉनचे डायोड आले, ट्रान्झिस्टर आले, आणि ३०० व्होल्टांच्या जागीं १५-१८ व्होल्ट पुरेसे झाले. मायक्रोफोनलाच मेजाकडून ४८ व्होल्ट पुरविण्याची रीत नॉर्वेच्या नभोवाणीसाठीं १९६६ सालीं नॉयमान कंपनीनें रूढ केली. पेटी लहान झाली. कंडेन्सर मात्र तोच राहिला.

१९८८ च्या मे महिन्यांत नागपुराहून एक मेगावॅट शक्तीच्या प्रक्षेपकावर राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली; ती २०१९ सालीं बंद झाली. मुंबईच्या पहिल्या प्रक्षेपकाच्या सहाशेंहून अधिक पट ही शक्ति. कार्यक्रम दिल्लीहून उपग्रहामार्गें येत आणि मध्यम लहरींवरून रात्रीं देशभर जात. रात्रीं घर शांत असतें. दिवसा गलबल्यांत बुडून जाणारी घरघर त्या वेळीं उशाशीं येऊन बसते. दूरच्या मेजांतील एका आटलेल्या कंडेन्सरची तक्रार मेगावॅटचा प्रक्षेपक दुरुस्त करूं शकत नाहीं. तो ती सगळीकडे पोंचवितो, एवढेंच.

अशी जुनी पेटी उघडून साफ करणें हें घाईचें काम नव्हे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्यें प्राणघातक वीज सांठलेली असते. ती रोधकामधून हळूहळू उतरवावी आणि मीटरनें खात्री करावी. पेचकसानें ठिणगी पाडून ती उतरविण्याची रीत बाजारांत चालते, पण तिनें कंडेन्सर आणि मनुष्य दोघांनाही धोका आहे. कोणती तार कोठें जाते याचें चित्र काढून ठेवल्याशिवाय कांहींही सोडूं नये. धूळ मऊ ब्रशनें सोडवून ओढून घ्यावी. जोराच्या वाऱ्यानें फुंकली तर ती सांदींत जाऊन बसते. मग प्लगच्या काळवंडलेल्या पिना, फ्यूजचे सैल चिमटे, तडकलेला कच्चा डाख हीं पाहावीं. निम्मे दोष येथेंच निघतात, आणि नवीन माल विकत घेण्याच्या उत्साहांत याच गोष्टी राहून जातात.

फुगलेला किंवा पाझरलेला कंडेन्सर बदलतांना नव्याचा दाब जुन्याहून कमी नसावा, आणि नागपुरांत तरी १०५ अंशांचा माल घ्यावा. धन-ऋण टोकें उलट लागलीं तर तो फुटतो. सेलेनियम काढून सिलिकॉन बसविलें तर दाब वाढतो, म्हणून वाटेंत योग्य रोधक घालावा लागतो. ही गोष्ट न कळल्यानें चांगलीं यंत्रें जळालेलीं आहेत. दुरुस्तीनंतर पेटी थेट विजेला न लावतां प्रथम सिरीज दिव्यामधून लावावी. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आंत शॉर्ट आहे. वर्षानुवर्षें पडून असलेल्या पेटीला डिमरस्टॅटनें तासन् तास थोडाथोडा दाब वाढवीत जागें करतात, म्हणजे कंडेन्सरमधील भस्माचा थर पुन्हा जमतो.

इतका खटाटोप कशासाठीं, नवी पेटी कां घेऊं नये, असें कोणी विचारील. पुष्कळदां तें योग्यच असतें. परंतु जुन्या ध्वनिफितींवरील आवाज आज नव्या साधनांवर उतरविले जात आहेत, आणि त्या फिती वाजविण्यासाठीं जुनींच यंत्रें लागतात. कांहीं फिती इतक्या जीर्ण कीं एकदां वाजविल्यावर त्यांचा लेप सुटूं लागतो. त्यांना दुसरी खेप नाहीं. त्या एका खेपेला सप्लायची घरघर आंत शिरली तर ती आवाजाशीं कायमची जखडली जाते. नंतर गाळून काढावी तर खर्जातला आवाजही तिच्याबरोबर जातो, आणि भारदस्त गळ्याचा गवई पोकळ वाटूं लागतो. म्हणून शहाणा तंत्रज्ञ फीत लावण्यापूर्वीं यंत्र अर्धा दिवस नुसतें चालवून ठेवतो, कानाला हेडफोन लावून रिकामी शांतता ऐकतो, आणि कंडेन्सर बदलल्याची तारीख पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस पेन्सिलीनें लिहून ठेवतो.