आगरकर, पाश्चर, एंगल्स... १८९५ या एकाच वर्षात गेलेली पाच माणसं आणि त्यांच्या वयाचा हिशोब

शाळेत गोपाळ गणेश आगरकर आपल्याला समाजसुधारकांच्या धड्यात भेटतात आणि लुई पाश्चर विज्ञानाच्या पुस्तकात. फ्रेडरिक एंगल्सचं नाव कार्ल मार्क्ससोबत येतं, थॉमस हक्सलींचं डार्विनसोबत. अमेरिकेतले फ्रेडरिक डग्लस तर अनेकांच्या वाचनातही आलेले नसतात. धडे वेगळे असल्यामुळे ही माणसं एकाच काळातली होती हे चटकन लक्षात येत नाही.

पण ती एकाच काळात जगली आणि १८९५ साली, फेब्रुवारी ते सप्टेंबर या आठ महिन्यांत, पाचही जण गेले.

२० फेब्रुवारी : फ्रेडरिक डग्लस

डग्लस यांचा जन्म अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून झाला. १८३८ मध्ये ते मालकाच्या तावडीतून पळाले. १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि पुढे स्वतःचं वृत्तपत्र काढून गुलामगिरीविरुद्ध लढा दिला. महिलांना मतदानाचा हक्क मिळावा यासाठीही ते १८४८ पासून बोलत होते. मृत्यूच्या दिवशी ते वॉशिंग्टनमध्ये महिलांच्याच एका परिषदेला हजर होते. संध्याकाळी घरी परतल्यावर हृदयविकाराचा झटका आला. अमेरिकेत महिलांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती त्यानंतर २५ वर्षांनी, १९२० मध्ये झाली.

१७ जून : गोपाळ गणेश आगरकर

कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली गरीब घरात जन्मलेले आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक होते. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादात पुढे दोघांची वाट वेगळी झाली. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलं.

बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद या सगळ्यांवर त्यांनी लिहिलं. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं ते त्या काळात मांडत होते. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्यानं मात्र त्यांची पाठ सोडली नाही. अंत्यसंस्काराचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असं सांगितलं जातं.

२९ जून : थॉमस हक्सली

आगरकरांनंतर १२ दिवसांनी इंग्लंडमध्ये हक्सली गेले. डार्विनचा उत्क्रांतिवाद त्यांनी इतक्या हिरिरीनं मांडला की त्यांना 'डार्विनचा बुलडॉग' म्हटलं जायचं. देव आहे की नाही हे आपल्याला कळू शकत नाही, ही भूमिका सांगणारा इंग्रजी शब्द त्यांनीच १८६९ मध्ये रूढ केला. मराठीत आपण त्याला 'अज्ञेयवाद' म्हणतो. देवाबद्दल आगरकरांची भूमिकाही अज्ञेयवादीच होती.

५ ऑगस्ट : फ्रेडरिक एंगल्स

मार्क्स १८८३ मध्ये वारले तेव्हा 'दास कॅपिटल'चा पहिलाच खंड छापून झाला होता. उरलेल्या हस्तलिखितांमधून एंगल्स यांनी दुसरा खंड १८८५ मध्ये आणि तिसरा १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. मित्राचं काम हातावेगळं झालं आणि काही महिन्यांतच घशाच्या कर्करोगानं लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी ईस्टबर्नजवळ समुद्रात सोडल्या. हक्सलींचं निधन झालं ते गावही ईस्टबर्नच.

२८ सप्टेंबर : लुई पाश्चर

पिसाळलेल्या कुत्र्यानं चावा घेतलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी लस टोचायला सुरुवात केली आणि तो वाचला. पाश्चर यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच मुंबईत प्लेग आला. त्यावर १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून आलेले शास्त्रज्ञ. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

आता वयाचा हिशोब

मृत्यूच्या वेळी डग्लस साधारण ७७ वर्षांचे होते, एंगल्स ७४, पाश्चर ७२ आणि हक्सली ७०. आगरकर फक्त ३८ वर्षांचे होते. ३९ वा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

बाकीचे चौघेही ३८ व्या वर्षीच गेले असते तर?

डग्लस १८५६ मध्ये गेले असते. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६५ मध्ये, म्हणजे ते त्यांनी पाहिलंच नसतं. पाश्चर यांनी रेबीजची लस दिली तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. हक्सलींनी तो प्रसिद्ध शब्द घडवला ४४ व्या वर्षी. 'दास कॅपिटल'चा पहिला खंड आला तेव्हा एंगल्स ४६ वर्षांचे होते आणि पुढच्या दोन खंडांचं काम तर त्यांच्या साठीच्या पुढचं.

म्हणजे ज्या कामांसाठी आज आपण या चौघांना ओळखतो, त्यातलं बरंचसं त्यांनी ३८ नंतर केलं किंवा पाहिलं. आगरकरांना ते 'नंतर' मिळालंच नाही. आज त्यांच्या नावावर जे काही आहे ते सगळं त्याआधीचं आहे, आणि 'सुधारक' चालवायला त्यांना सातच वर्षं मिळाली.

मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. आगरकर तोपर्यंत जगले असते, तर ७३ वर्षांचे असते. डग्लस आणि एंगल्स गेले त्याच वयाच्या आसपासचे.