कुकी, जाहिरातरोधक आणि मुक्त स्रोत : ब्राउझरमधील खासगीपणाचा इतिहास (१९९४ ते २०२५)

प्रस्तावना :

इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रे, नाणी, शिलालेख यांकडे साधन म्हणून पाहतो. संगणकाची आज्ञावलीही असेच एक साधन होय, हा विचार मात्र आपल्याकडे अद्याप पुरेसा रुजलेला नाही. वस्तुतः कोणत्या काळात कोणाचे हित प्रबळ होते, हे आज्ञावलीतून आणि तिच्या तांत्रिक मसुद्यांतून बरेच स्पष्टपणे वाचता येते. प्रस्तुत निबंधात इंटरनेटवरील खासगीपणाच्या व्यापक प्रश्नापैकी केवळ ब्राउझरपुरता विचार केला आहे. खासगीपणा राखण्याची साधने उशिरा निर्माण झाली, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बरोबर नाही. उपाय फार लवकर सुचलेला होता. वाद होता तो ब्राउझरच्या मूळ मांडणीचा, म्हणजे वापरकर्त्याने काहीही न बदलता जी व्यवस्था आपोआप लागू राहते ती कोणी ठरवावी याचा.

कुकीचा जन्म आणि एक दुर्लक्षित मसुदा :

१९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली हा तरुण अभियंता काम करीत होता. त्याच्यासमोरील अडचण व्यापारी स्वरूपाची होती. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते. एक पान उघडून दुसऱ्या पानावर गेलेला ग्राहक त्याला नवखाच वाटतो. अशा स्थितीत दुकानातील टोपली ग्राहकासोबत फिरवायची कशी? यावर मॉन्टुलीने तोडगा काढला. संकेतस्थळाने एक छोटीशी नोंद ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावी आणि पुढील प्रत्येक भेटीत ती परत मागून घ्यावी. हीच कुकी होय. एका केंद्रीय ओळखक्रमांकाच्या तुलनेत ही रचना खासगीपणाला अधिक पोषक होती, हे येथे नमूद केले पाहिजे, कारण एका संकेतस्थळाची नोंद दुसऱ्याला वाचता येत नव्हती.

पळवाट निघाली ती चित्रांच्या मार्गाने. एखाद्या पानावरील जाहिरातीचे चित्र तिसऱ्याच संगणकावरून येत असेल, तर त्या तिसऱ्यालाही स्वतःची कुकी ठेवता येते. एकाच जाहिरात कंपनीची चित्रे हजार संकेतस्थळांवर असतील, तर एकच माणूस त्या हजार ठिकाणी ओळखता येतो. हीच त्रयस्थ कुकी. कुकी आहे हे सामान्य वापरकर्त्याला कोणी सांगितलेले नव्हते. १९९६ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतून चर्चा सुरू झाली, तेव्हा ती लोकांना कळली.

यानंतरची घटना या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी उल्लेखिली जाणारी आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मॉन्टुली यांनी लिहिलेला कुकीचा प्रमाण मसुदा, आरएफसी २१०९, प्रसिद्ध झाला. त्रयस्थ कुकी ब्राउझरने स्वीकारू नयेत. त्या स्वीकारण्याची सोय दिलीच, तर ती मूळ मांडणीत बंद असावी, असे त्यात लिहिलेले आहे. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही प्रमुख ब्राउझर निर्मात्यांनी ते अमलात आणले नाही. जाहिरातीचा व्यवसाय तोवर याच पळवाटेवर उभा राहू लागला होता. पुढील सुमारे दोन दशके जे जे विस्तार, गाळण्या आणि कायदे आले, ते एका अर्थी या न पाळलेल्या वाक्याची भरपाई होते.

व्यवसायाचा विस्तार कसा झाला, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. न्यूयॉर्कच्या डबलक्लिक कंपनीने १९९९ मध्ये अ‍ॅबॅकस डायरेक्ट ही टपाली खरेदीची माहिती बाळगणारी कंपनी घेतली. निनावी कुकीला खरी नावे व पत्ते जोडण्याचा बेत उघड होताच तीव्र विरोध झाला आणि २००० साली डबलक्लिकला माघार घ्यावी लागली. मात्र कंपनी टिकली. २००७ मध्ये गूगलने ती ३.१ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २००८ च्या मार्चमध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गूगलचा क्रोम ब्राउझर आला. जाहिरात विकणारा आणि ब्राउझर घडविणारा आता एकच झाला होता.

मुक्त स्रोत आणि वेगळी चूल :

मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धेत मागे पडलेल्या नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. हेतू व्यवसाय वाचविण्याचा होता. खासगीपणाचा त्यात विचार नव्हता. तथापि परिणाम दूरगामी झाला. यातूनच मोझिला प्रकल्प आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० अवतरले. आज फायरफॉक्स मराठीतही वापरता येतो, हेही या खुलेपणाचेच फळ. ब्राउझरला बाहेरच्या माणसाने नवा अवयव जोडावा, ही सोय येथे वाढीस लागली. २००२ साली हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने अ‍ॅडब्लॉक लिहिले. २००६ मध्ये व्लादिमिर पालांट यांनी अ‍ॅडब्लॉक प्लस पुढे आणले. जाहिरातरोधकाचे काम थोडक्यात असे : पान मांडले जात असताना ब्राउझर ज्या पत्त्यांवरून चित्रे व आज्ञा मागवितो, ते पत्ते एका यादीशी ताडून पाहायचे आणि यादीत असलेल्याकडे मागणीच जाऊ द्यायची नाही. मागणी गेली नाही, तर त्रयस्थाला आपली चाहूलही लागत नाही. हजारो नियमांच्या या याद्या स्वयंसेवक सांभाळत आले आहेत.

परंतु मुक्त स्रोत म्हणजे निःस्वार्थ, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. २०११ मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लसने ‘स्वीकारार्ह’ जाहिराती मूळ मांडणीतच वाहू देण्याचे ठरविले आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी शुल्क घेतले. द्वारपालानेच पथकर सुरू केला! यूब्लॉकची कथा याहून बोधप्रद आहे. रेमंड हिल यांनी २०१४ साली हा विस्तार प्रसिद्ध केला आणि २०१५ मध्ये कंटाळून तो दुसऱ्याच्या हाती दिला. नव्या संचालकाने देणग्या मागण्यास प्रारंभ केला. आज्ञावली मुक्त परवान्याखाली असल्याने हिल यांना तीच घेऊन वेगळी चूल मांडता आली. ती म्हणजे यूब्लॉक ओरिजिन, जी देणग्या घेत नाही. मूळ यूब्लॉक पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या जाहिरातरोधकाच्या मालकीचा झाला आणि त्या ‘स्वीकारार्ह’ योजनेत सामील झाला. मुक्त परवाना माणसाला प्रामाणिक करीत नाही. बिघडलेल्या घरातून सामान घेऊन बाहेर पडण्याचा हक्क तेवढा देतो.

टॉरचा इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत उगम पावलेली ही रचना २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली आली, एवढे येथे पुरे. तिच्या ब्राउझरमागील विचार मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर केवळ अक्षरमुद्रा, पडद्याचा आकार, जोडलेले अवयव अशा खुणांवरून कुकीविनाच एकमेवाद्वितीय ठरले. म्हणजे अनेक विस्तार लावून सजविलेला ब्राउझर गर्दीत अधिकच उठून दिसू शकतो. म्हणूनच टॉर ब्राउझर सर्वांना एकसारखे दिसविण्याचा प्रयत्न करतो.

मूळ मांडणीचा लढा :

अ‍ॅपलच्या सफारीने आरंभापासून बहुतांश त्रयस्थ कुकी अडविल्या होत्या. ही अडवणूक चुकविल्याबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गूगलवर २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड लावला. मोझिलाने २०१३ मध्ये तसाच प्रयत्न केला, पण जाहिरात व्यवसायाच्या विरोधानंतर तो रेंगाळला. सर्व वापरकर्त्यांसाठी माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकी आपोआप अडविण्यास सप्टेंबर २०१९ उजाडले. या विलंबाचा विचार करताना मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच, शोधयंत्राच्या कराराद्वारे येतो, ही बाब नजरेआड करता येत नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्रयस्थ कुकी बंद करण्याचे आश्वासन दिले, ते वारंवार लांबविले आणि जुलै २०२४ मध्ये सोडून दिले. त्याच सुमारास क्रोममधील विस्तारांचे नियम बदलले. मागणी प्रत्यक्ष अडविण्याचा विस्तारांचा जुना अधिकार गेला आणि २०२५ पर्यंत यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती क्रोममध्ये चालेनाशी झाली. बदल सुरक्षिततेसाठी आहे, असे गूगलचे म्हणणे. त्यात तथ्यांश आहे, कारण विस्तारांच्या नावाखाली हेरगिरीही झालेली आहे. पण निर्णय करणाऱ्याचे हित त्यात गुंतलेले असताना केवळ त्याच्या शब्दावर विसंबणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शक्य नाही.

भारतातील स्थिती :

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने पुट्टस्वामी प्रकरणी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीची जी व्याख्या करतो, तीत स्पष्ट होकारात्मक कृती अपेक्षित आहे. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. १९९७ च्या मसुद्यातील वाक्याशी हे तत्त्व किती जवळचे आहे! नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, तरी मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे.

दरम्यान आपल्याकडील परिस्थितीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागेल. वर सांगितलेला जाहिरातरोधकांचा इतिहास मुख्यतः मेजावरील संगणकाचा आहे. आपल्याकडील असंख्य विद्यार्थ्यांचा पहिला आणि बहुधा एकमेव संगणक म्हणजे हातातील अँड्रॉइड फोन. त्यावरील क्रोममध्ये विस्तार जोडण्याची सोयच नाही. फायरफॉक्समध्ये ती आहे आणि यूब्लॉक ओरिजिन तेथे पूर्ण क्षमतेने चालते. फोन विकत घेताना त्यात आधीपासून असतो तो मात्र क्रोम.