इंजिनाची शक्ती गेल्यावर हलके हेलिकॉप्टर : कारणे, उतरण्याचे तंत्र आणि चौकशी

इंजिन बंद पडताच हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, हा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मात्र वाचण्याची संधी वैमानिकाला अवघी एक-दोन सेकंदेच मिळते.

८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या ‘ध्रुव’ या प्रगत हलक्या हेलिकॉप्टरची शक्ती अचानक घटली आणि उंची वेगाने कमी झाली. वैमानिकाने ते नियंत्रितपणे पाण्यावर उतरवले; तिघेही कर्मचारी बचावले. त्याच वर्षी ३० मे रोजी बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ, होन्निहाळ येथील शेतात एक प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे उतरवावे लागले. त्यातील दोघांचेही प्राण वाचले.

शक्ती जाण्याची कारणे : इंधन संपणे, इंधनात पाणी किंवा कचरा मिसळणे, इंजिनाचा भाग तुटणे आणि देखभालीतील त्रुटी ही प्रमुख कारणे होत. कार्ब्युरेटर असलेल्या पिस्टन इंजिनात दमट हवेत बर्फ साचून शक्ती घटते. बाहेर उष्मा असतानाही हे घडू शकते. त्यामुळे कोकण-गोव्यासारख्या दमट हवामानात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ऑटोरोटेशन : शक्ती जाताच विशिष्ट क्लच इंजिनाला मुख्य पंख्यापासून वेगळे करतो. वैमानिक ‘कलेक्टिव्ह’ दांडा तत्काळ खाली करून पात्यांचा कोन कमी करतो. हेलिकॉप्टर खाली येत असताना खालून वर जाणारी हवा पाती फिरवत ठेवते. दांडा खाली करण्यास विलंब झाला तर पात्यांची गती घटते आणि ती परत मिळवता येत नाही. खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण दीड हजार फूट असतो. म्हणजे हजार फुटांवरून जागा निवडण्यास सुमारे चाळीस सेकंद मिळतात. जमिनीजवळ नाक वर उचलून वेग मोडला जातो आणि पात्यांत साठलेली ऊर्जा वापरून शेवटचा धक्का सौम्य केला जातो. कमी उंची आणि कमी वेग एकत्र आले, तर हे तंत्र निष्प्रभ ठरते.

जागेचा प्रश्न : बेळगावनजीकच्या वडगाव, शहापूर, अनगोळ या शिवारांत पावसाळ्यात भातशेती असते. वरून मोकळी दिसणारी ही जमीन बांध, चिखल आणि वीजवाहिन्यांमुळे उतरण्यास कठीण ठरते. तारा तर वैमानिकाला बहुधा अगदी जवळ आल्यावरच दिसतात.

चौकशी : नागरी अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. दोषी ठरवणे हा त्याचा हेतू नसून पुनरावृत्ती टाळणे हा असतो. लष्करी हेलिकॉप्टरांची चौकशी संबंधित सेनादल करते. मुंबईच्या घटनेनंतर ‘ध्रुव’ची उड्डाणे थांबवून त्याच्या नियंत्रण प्रणालीतील दांड्यांची तपासणी करण्यात आली.

ग्रामस्थांनी काय करावे : प्रथम ११२ वर कळवावे. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये आणि शेपटीच्या बाजूने तर कधीही जाऊ नये. इंधन सांडलेले असू शकते, म्हणून आसपास विडी-काडी पेटवू नये. जखमींना बाहेर काढण्यापलीकडे अवशेषांना हात लावू नये. आठवण म्हणून उचललेला एखादा तुकडाच कदाचित अपघाताचे कारण सांगणारा असतो, आणि तो हरवला तर पुढच्या वैमानिकाला मिळणारा इशाराही हरवतो.