विनाचालक ट्रॅक्टरचं कूळ हिंगणघाटात

2024 च्या खरिपात अकोला जिल्ह्यात चालकाविना सोयाबीन पेरणारा ट्रॅक्टर अवघ्या विदर्भाने मोबाइलवर पाहिला. पहिलं तास माणूस धरतो आणि त्याची दोन टोकं पडद्यावर नोंदवतो. पुढची तासं स्टिअरिंगवर बसवलेली मोटर त्याच रेषेला धरून ओढते. पेरणीत तास वाकडं गेलं, तर डवरणीच्या वेळी डवऱ्याची पास पिकालाच लागते. म्हणून इथे मीटरभराची चूक चालत नाही, हिशेब सेंटीमीटरचा असतो.

या हिशेबाचं कूळ शोधत गेलं, की वाट वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला पोचते. 1802 मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पोलादी साखळीने सुमारे 12 किलोमीटरची पायारेषा मोजली. तिच्या आधाराने त्रिकोणाला त्रिकोण जोडत त्यांनी देशाची मोजणी सुरू केली. कोन मोजायचा त्यांचा थिओडोलाइटच अर्ध्या टनाचा होता. 1804 मध्ये बंगळूरजवळची रेषा त्यांनी साखळीने मोजली आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला अवघ्या काही इंचांचा. पुढे नागपूरच्या वाटेवर, 20 जानेवारी 1823 रोजी, हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. त्यांची कबर तिथेच आहे.

आज ट्रॅक्टरला उपग्रहांवरून जागा सांगणारं जीपीएस अमेरिकी लष्कराने उभारलं. नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक मे 2000 मध्ये काढली गेली, तरी साधा रिसीव्हर आजही काही मीटर चुकतो, कारण वातावरणातून येताना संकेताला उशीर होतो. त्यावरचा उपाय म्हणजे आरटीके. नेमकी जागा ठाऊक असलेल्या बिंदूवर एक स्थिर रिसीव्हर ठेवायचा. उपग्रहांच्या संकेतात तिथे जी चूक आढळते, तिची दुरुस्ती ट्रॅक्टरला क्षणोक्षणी कळवत राहायची. मग चूक दोनेक सेंटीमीटरवर येते. 1990 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात याच रीतीने ट्रॅक्टर आपोआप वळवून दाखवला गेला. ठाऊक असलेल्याशी ताडून चूक पकडायची, ही शिस्त लॅम्बटन यांचीच.

त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशाच स्थिर रिसीव्हरची 77 स्थानकं (कॉर्स) उभारली आहेत. त्यांच्या आधारे भूमी अभिलेख खातं रोव्हरने, म्हणजे फिरत्या रिसीव्हरने, जमीन मोजतं. सरकारी पैशाच्या या स्थानकांमुळे धुऱ्याचा वाद मिटत असेल, तर पाच एकरवाल्याच्या भाड्याच्या ट्रॅक्टरलाही त्यांची दुरुस्ती परवडणाऱ्या दरात मिळाली पाहिजे आणि ती पोचण्यासाठी शिवारात मोबाइलची रेंजही हवी.